घळईत एक कमी

"दरीत काय दाखवणार मुलांना? दगड?" चहाचा कप बशीत ठेवत कुलथे बाईंनी विचारलं.

"दगडच," मी म्हणालो. "नववीच्या पुस्तकात घळईवर दीड पान आहे, बाई. दोन वर्षं मी ती फळ्यावर खडूनं काढतोय. एकदा मुलांना आत उभं राहून वर बघू दे की."

"आणि पैठण? दोन हजार वर्षांचं शहर आहे ते. सातवाहनांची राजधानी. तिथल्या घाटावर उभं राहून वर नाही बघायचं, मागं बघायचं."

शिक्षकांच्या खोलीत सगळे हसले. मीही हसलो, पण मला ते लागलं. मी सव्वीस वर्षांचा होतो. संगमनेरजवळच्या एका गावात भूगोल शिकवत होतो. कुलथे बाई इतिहास शिकवायच्या आणि शाळेची सहल अठरा वर्षं त्याच काढत आल्या होत्या. मी आदल्या वर्षी मित्रांबरोबर सांदण दरी पाहून आलो होतो आणि तेव्हापासून मला दुसरं काही सुचत नव्हतं. जमिनीला पडलेली एक चीर, दोन्ही बाजूंना दोनदोनशे फूट उंच भिंती आणि मध्ये काही ठिकाणी दोन माणसंही शेजारी चालू शकणार नाहीत एवढीच वाट. ही दरी आमच्या मुलांना पहिल्यांदा मी दाखवायची, असं मी मनाशी ठरवून टाकलं होतं.

मुख्याध्यापक गुंजाळ सरांनी वाद मिटवला. "मुलांनाच विचारा. चिठ्ठ्या टाकू द्या."

नववीच्या पस्तीस मुलांनी खडूच्या खोक्यात चिठ्ठ्या टाकल्या. प्रयोगशाळेत बसून मी त्या मोजल्या आणि वर्गात येऊन सांगितलं, "सांदण एकोणीस, पैठण सोळा." मागच्या बाकांवरची मुलं ओरडली. मुलींच्या रांगेत थोडी कुजबुज झाली. कुलथे बाई दारात उभ्या होत्या. "ठीक आहे, मीही येते," एवढंच त्या म्हणाल्या.

जानेवारीतल्या शनिवारी पहाटे शाळेसमोर बस लागली. मुलांना चढवत असताना सायकल हातात धरून एक माणूस माझ्याकडे आला. रंगनाथ हासे. गावात त्यांचं सायकल दुरुस्तीचं दुकान होतं. त्यांची जयश्री माझ्या वर्गात होती. शेवटून दुसऱ्या बाकावर बसणारी, विचारल्याशिवाय न बोलणारी मुलगी.

"सर, तिथं पाण्याचं काही नाही ना?" त्यांनी हळूच विचारलं. "ही लहानपणी विहिरीत पडली होती. अजून पाण्याला घाबरते."

"थोडं आहे, गुडघ्याएवढंही नाही," मी म्हणालो. "आणि मी आहेच."

जयश्री मान खाली घालून बसमध्ये चढली.

दरीजवळच्या साम्रद गावात पोचलो तेव्हा अकरा वाजत आले होते. वाटाड्या म्हणून बुधाबाबा भांगरे यायचे ठरले होते. साठीचे, काटक, पायात टायरच्या चपला. त्यांनी मुलांकडे पाहिलंच नाही, ते रतनगडाच्या अंगाला बघत राहिले. तिथे गडाच्या माथ्यावर एक काळसर ढग टेकला होता.

"आभाळ बरं न्हाई, सर."

"जानेवारी आहे, बाबा. जानेवारीत कुठला पाऊस?"

"पडतो कवा कवा. आज गाव बघा, धरण बघा. उद्या आत जाऊ."

"उद्या कुठलं? मुलं एवढ्या लांबून आलीत. एक तास फक्त. अर्ध्या वाटेपर्यंत जाऊ आणि लगेच फिरू."

बुधाबाबांनी परत एकदा ढगाकडे पाहिलं. "मी म्हनलं की फिरायचं. वाद न्हाई घालायचा."

"नाही घालणार."

कुलथे बाईंचा गुडघा दुखत होता. सात मुलं त्यांच्याजवळ दरीच्या तोंडाशी थांबली. अठ्ठावीस मुलं घेऊन आम्ही उतरलो. पुढे बुधाबाबा, सगळ्यांच्या शेवटी मी. शेवटी मी राहणार, हे मीच मुलांना बजावून सांगितलं होतं. "माझ्या मागे कुणी राहायचं नाही. मी दिसेनासा झालो तर शिट्टी मारायची."

पहिली दहा मिनिटं दंगा चालला. मग भिंती जवळ आल्या आणि मुलं आपोआप गप्प झाली. वर आभाळाची एक वाकडीतिकडी पट्टी उरली. उन्हातून आल्यावर अंगाला गारवा लागला. दगड घसरडे होते, काही घराएवढे. त्यांच्यावरून चढून, फटींतून वाकून जावं लागत होतं. मी मधूनमधून ओरडून सांगत होतो, "ही भिंत बघा, पाण्यानं कापलीय! लाखो वर्षं लागलीत!" माझाच आवाज भिंतींवरून फिरून परत येत होता.

पाण्याचा टप्पा आला. दोन्ही बाजूंना उभा खडक आणि मध्ये पंधरा-वीस फूट लांब काळं पाणी. मुलं चपला हातात घेऊन, किंचाळत, हसत पलीकडे गेली. पाणी माझ्या मांडीला लागत होतं. गुडघ्यापेक्षा चांगलं वर.

जयश्री काठावर उभी राहिली होती. ओठ पांढरे पडले होते.

"चल, हात दे," मी म्हणालो.

"सर, मी इथंच बसते. तुम्ही परत येईपर्यंत."

"एकटी? काही नाही होत. डोळे मीट."

तिनं खरंच डोळे मिटले. मी तिला हाताला धरून पलीकडे नेलं. तिची नखं माझ्या मनगटात रुतली होती. पलीकडे गेल्यावर मुलींनी टाळ्या वाजवल्या, आणि मला वाटलं, बघा, एका मुलीची भीती मी घालवली.

त्यानंतर अर्धा तास झाला असेल. पुढे बुधाबाबा एकदम थांबले. त्यांनी खडकावर तळहात ठेवला आणि मान वर केली. आभाळाची पट्टी काळी झाली होती. दूर कुठेतरी गडगडलं, आणि दरीत तो आवाज इतका वेळ घुमत राहिला की तो थांबायच्या आत दुसरा आला.

"फिरा," ते म्हणाले. "समदी फिरा. पळू नका, पर थांबू नका."

आता रांग उलटी झाली. बुधाबाबा मुलांना बाजूला सारत पुढे गेले, दरीच्या तोंडाकडे. मी शेवटीच होतो. मोठे थेंब पडायला लागले. वरच्या कडेवरून आधी बारीक धारा सुटल्या, मग माती घेऊन येणारे ओहोळ. एक दगड सुटून माझ्यासमोर पाच-सहा हातांवर पडला आणि फुटला. एक मुलगी रडायला लागली, मग चार. मी "चला, चला" म्हणत होतो आणि माझा आवाज मलाच अनोळखी वाटत होता.

पाण्याच्या टप्प्याशी आलो तेव्हा पाणी तांबडं झालं होतं आणि वाहत होतं. समोरून, आम्हाला ज्या बाजूला जायचं होतं तिकडून येत होतं. बुधाबाबा मध्ये छातीभर पाण्यात पाय रोवून उभे होते. एकेका मुलाला काखेत धरून पलीकडे ढकलत होते. "पुढचा! पुढचा!"

तेवढ्यात वीज कडाडली. दरीत वीज कशी वाटते हे मी सांगू शकत नाही. सगळा खडक आतून पेटल्यासारखा पांढरा झाला. पुढचं मला तुकड्यातुकड्यांत आठवतं. मी पाण्यात होतो. दोन मुलांची दप्तरं माझ्या हातात होती. मग मी पलीकडच्या खडकावर होतो आणि धापा टाकत होतो.

"समदी आली?" बुधाबाबांनी विचारलं.

मी मोजलं. सत्तावीस. परत मोजलं, खांद्याला हात लावून. सत्तावीस.

"जयश्री," एक मुलगी म्हणाली. "सर, जयश्री तुमच्या मागं होती."

माझ्या मागे. मी शेवटी असणार होतो, आणि माझ्या मागे एक मुलगी राहिली होती. पाण्यात उतरताना मी वळून पाहिलं नव्हतं.

टप्पा आता फेसाळत होता. पलीकडचं वळण दिसत होतं, माणूस दिसत नव्हता. मी ओरडलो. पाण्याच्या आवाजात माझा आवाज मलाही ऐकू आला नाही.

"आता जायाचं न्हाई," बुधाबाबांनी माझा दंड धरला. "पोरं घेऊन वर जा. मी हितं थांबतो."

खरं सांगायचं तर मला सुटल्यासारखं वाटलं. इतकी वर्षं झाली, ते सुटल्यासारखं वाटणं मला अजून आठवतं. मी सत्तावीस मुलांना घेऊन वर निघालो आणि प्रत्येक पावलाला स्वतःला सांगत होतो की हेच बरोबर आहे, या मुलांना वर न्यायलाच हवं. ते बरोबरही होतं. पण माझे पाय त्यासाठी पळत नव्हते.

तोंडाशी कुलथे बाई भिजत उभ्या होत्या. मुलं बाहेर येतील तशी त्या नावं घेत होत्या. शेवटी मी आलो.

"जयश्री कुठंय?"

मी मागे, दरीकडे वळून पाहिलं.

"वाकचौरे, जयश्री कुठंय?"

"पलीकडे राहिली. पाण्याच्या पलीकडे. बाबा थांबलेत."

त्यांनी माझ्याकडे पाहिलं. ओरडल्या असत्या तर बरं झालं असतं. "मुलं मी गावात नेते," त्या म्हणाल्या. "दोर आणि माणसं पाठवते. तुम्ही जा खाली."

"बाई, खाली पाणी..."

"जा खाली. तिला ओळखीचा आवाज ऐकू येऊ दे. जा म्हणते ना."

मी परत उतरलो. एकटा. मगाशी अठ्ठावीस मुलांच्या गोंगाटात जी वाट मी दाखवत होतो, तीच वाट आता मला ओळखू येईना. जिथे कोरडे दगड होते तिथे पाणी होतं. एकदा घसरून पडलो, कोपर फुटलं. वर पट्टीत पाऊस पांढरा दिसत होता. मला सारखं वाटत होतं की मागून एक लोंढा येईल आणि मी वळून बघायच्या आत सगळं संपेल.

बुधाबाबा टप्प्याच्या अलीकडे एका उंच दगडावर चढले होते. त्यांनी बोट दाखवलं. पाऊस जरा कमी झाला होता आणि पलीकडे, वळणाजवळच्या मोठ्या धोंड्यावर, एक निळा गणवेश दिसत होता. खाली पाणी धोंड्याला दोन्ही बाजूंनी वळसा घालून पुढे चाललं होतं. पुढे कडा होता, सरळ खाली कोकणाकडे तुटलेला.

"जयश्री!"

तिनं मान वर केली.

"वर चढ! अजून वर! भिंतीला चिकटून बस!"

ती एक हात वर सरकली आणि थांबली.

"तिला बोलतं ठिवा," बुधाबाबा माझ्या कानाशी म्हणाले. "गारठलीया. झोप आली तर हात सुटंल."

मग मी बोलत राहिलो. किती वेळ, माहीत नाही. तिला पाढे म्हणायला लावले. शाळेतल्या मुलींची नावं विचारली. आधी ती उत्तर द्यायची, मग नुसती मान हलवायची. पाणी चढत होतं. मी खडकावरची एक पांढरी रेघ खूण म्हणून धरून ठेवली होती. ती बुडली. मग तिच्या वरची.

"जयश्री, बोल! काहीतरी बोल!"

बऱ्याच वेळानं तिचा आवाज आला, बारीक, तुटक. "सर, माझी ताई पैठणला असते."

"हो का? ताईचं नाव काय?"

"ती घाटावर येणार होती मला भेटायला. मी तिला पत्र टाकलं होतं. सगळ्या मुलींचं ठरलं होतं पैठणचं. मुलींचं आणि मधल्या रांगेचं पण." थांबून ती म्हणाली, "तरी कसं नाही आलं?"

बुधाबाबांनी मला ढोसलं. "बोला की!"

"ताईचं नाव सांग!" मी ओरडलो.

उत्तर आलं नाही. तिचं डोकं एका बाजूला कललं. मी हाका मारल्या, शिट्टी मारली. बुधाबाबांनी दगड मारला, तो पाण्यात पडला. तिचा एक हात भिंतीवरून खाली सरकलेला मला दिसला.

"जयश्री! पैठणच आलं होतं!"

मी ते ठरवून बोललो नाही. माझ्याकडे दुसरं काही उरलं नव्हतं.

"ऐकतेस का? पैठणला एकोणीस चिठ्ठ्या होत्या! एकोणीस! मी खोटं सांगितलं! मी आकडे उलटे सांगितले!"

तिचं डोकं हललं.

"काय?"

"तुम्हीच जिंकला होता! मी खोटं बोललो वर्गात!"

पाणी गरजत होतं. ती हळूहळू सरळ झाली. मग तिचा आवाज आला, आणि तसा आवाज मी तिच्या तोंडून कधी ऐकला नव्हता. "का?"

"मला इथं यायचं होतं म्हणून!"

"पण का, सर?"

"मला बाईंना हरवायचं होतं!"

"मी ताईला दुसरं पत्र टाकलं! येऊ नको म्हणून!" ती ओरडत होती, रडत होती. "ती वर्षभर माहेरी आली नाही! तुम्ही का केलं असं?"

"चुकलो!"

"का पण?"

तिनं तो प्रश्न किती वेळा विचारला कुणास ठाऊक. प्रत्येक वेळी मी उत्तर दिलं, आणि प्रत्येक उत्तर आधीच्यापेक्षा जास्त खरं होतं. ती दोन्ही हातांनी भिंतीला धरून, उभी राहून माझ्यावर ओरडत होती. बुधाबाबा एकदा माझ्याकडे, एकदा तिच्याकडे बघत होते.

तीन वाजायच्या सुमारास पाऊस थांबला. गावातली सहा-सात माणसं दोर घेऊन आली. पाणी उतरायला अजून तास गेला. मग बुधाबाबांचा मुलगा कमरेला दोर बांधून पलीकडे गेला आणि तिला पाठीवर घेऊन आला. या वेळी तिनं डोळे मिटले नव्हते. माझ्याजवळून जाताना तिनं माझ्याकडे पाहिलं नाही.

परतताना ती बसमध्ये कुलथे बाईंच्या मांडीवर डोकं ठेवून झोपली होती, गावातल्या कुणाची तरी गोधडी पांघरून. मी पलीकडच्या बाकावर होतो.

"बाई, मला तुम्हाला एक सांगायचंय. त्या चिठ्ठ्या..."

"मोजल्या होत्या मी," त्या हळू आवाजात म्हणाल्या. "त्याच दिवशी. खोकं तुम्ही प्रयोगशाळेतच ठेवलं होतंत."

"मग बोलला का नाहीत?"

त्या खिडकीबाहेर बघत होत्या. "वाटलं, नवीन आहे, हौस आहे. चारचौघांत कशाला तोंडघशी पाडायचं. एवढंच वाटलं." जयश्रीच्या केसांत अडकलेली काडी त्यांनी काढली. "तेव्हा बोलले असते तर ही आज या दरीत आलीच नसती. हे आता मलाही सांभाळायचंय."

दुसऱ्या दिवशी सकाळी मी रंगनाथ हासेंच्या दुकानात गेलो. ते एका चाकाची तार आवळत होते. मी उभ्यानं सगळं सांगितलं. चिठ्ठ्यांचं, ढगाचं, पाण्यात उतरताना मागे वळून न पाहिल्याचं. त्यांचा हात थांबला.

"तुम्ही तिच्यासाठी परत खाली गेलात, हे पोरीनं सांगितलं," ते म्हणाले. "बाकीचं नव्हतं सांगितलं."

त्यांनी पाना खाली ठेवला.

"तुमच्या वर्गात तिला ठेवायचं का नाही, हे मी ठरवणार नाही. तिला विचारतो." आणि ते चाकाकडे वळले.

सोमवारी गुंजाळ सरांना मी लेखी दिलं. सहलीच्या कामातून मला कायमचं काढलं गेलं, तेही त्यांनी लेखी दिलं. मग नववीच्या वर्गात जाऊन मुलांना सांगितलं. दरीत मी ओरडून सगळं बोलून गेलो होतो. इथे तीन वाक्यं बोलायला मला किती वेळ लागला देव जाणे. मागच्या बाकावरच्या एकानं फक्त विचारलं, "म्हणजे आमचे सोळा होते?"

"सोळा."

त्या दिवसापासून एक गोष्ट सुरू झाली. मी फळ्यावर काही लिहिलं की वर्गात पानं उलटल्याचा आवाज यायचा. नदीची लांबी सांगितली, की पुस्तक उघडायचं. एखाद्या देशाची राजधानी सांगितली, की नकाशा. मुलं उद्धट नव्हती. ती नुसती खात्री करून घ्यायची. चाळीस मिनिटांच्या तासात तो आवाज मी रोज ऐकायचो, आणि तास सुरू होण्याआधी जिन्यात थांबून आकडे पुन्हा पुस्तकात बघून घ्यायचो.

जयश्री पंधरा दिवस आली नाही. न्यूमोनिया झाला होता. त्या पंधरा दिवसांत तिच्या बाकाकडे बघायचं मी टाळत होतो. आली त्या दिवशी तिच्या अंगात स्वेटर होता आणि चेहरा उतरलेला होता. वडिलांनी तिला काय विचारलं आणि ती काय म्हणाली, मला कळलं नाही. ती शेवटून दुसऱ्या बाकावर येऊन बसली.

मी भूकंपाचा धडा घेत होतो. जमिनीच्या आत किती खोल काय असतं, ते सांगत होतो. पानांचा आवाज सुरू झाला. तिच्या शेजारच्या मुलीनं तिच्याही पुढ्यात पुस्तक सरकवलं.

"नको," जयश्री म्हणाली.

"अगं, बघून घे. सर सांगतात ते बघायचं असतं आता."

"आत्ता खरं सांगतायत," ती म्हणाली. आवाज लहानच होता, पण वर्ग शांत होता आणि सगळ्यांनी ऐकलं. "खरं बोलताना सरांचा आवाज कसा येतो, मला माहीत आहे."

मी फळ्याकडे वळलो आणि पुढचा आकडा लिहिला.